रग्बीच्या शाळेतील चाकरीचा दस्तूर

इंग्लंडातील वॉरिकशायर परगण्यात रग्बी या गावी, लॉरेन्स शेरिफ नावाच्या लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याने 1567 साली आपल्या मृत्युपत्रान्वये जी शाळा स्थापिली, तिची पूर्वपीठिका ठाऊक असल्यावाचून तिच्यावरील जगप्रसिद्ध कादंबरीतल्या मुलांचे धैर्य नेमके कोणत्या जातीचे होते, हे नीट उमगावयाचे नाही. 1797 च्या नोव्हेंबरात, एका दुकानदाराच्या फुटलेल्या तावदानांची भरपाई आपल्यावर लादली गेली या संतापाने विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापक इंगल्स यांच्या वर्गाचे दार सुरुंगाने उडविले, बाकांची व पुस्तकांची होळी पेटविली, आणि अखेरीस फौजेला पाचारण करून त्या बंडाचा बंदोबस्त करावा लागला. गुरुजनांचा अंमल वर्गाच्या उंबरठ्यापाशी संपत असे. त्यापलीकडचा कारभार थोरल्या विद्यार्थ्यांच्या हाती असून, धाकट्यांनी त्यांची चाकरी करावी असा तेथील जुना दस्तूर होता. त्यालाच ‘फॅगिंग’ म्हणत.

रात्रीच्या जेवणानंतर नऊ वाजेपर्यंत तीन मुले आळीपाळीने बोळात उभी असत. एखाद्या थोरल्याने हाक घातली की तिघांनीही त्याच्या दाराकडे धाव घ्यावयाची आणि जो मागाहून पोचेल त्याने काम करावयाचे. कोठारातून पाव, चीज आणि बिअर आणणे, मेणबत्त्यांची घरे घासून त्यांत नव्या मेणबत्त्या बसविणे, विस्तवावर चीज भाजणे, निरोप पोचविणे, अशी ती कामे असत.

1828 साली मुख्याध्यापक म्हणून आलेल्या डॉ. थॉमस आर्नल्ड यांनी हा दस्तूर मोडला नाही. सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, वर्गालाच तो अधिकार राखून त्याबरोबर शिस्तीची जबाबदारीही त्याच्या माथी ठेविली. वय आणि शक्ती यांच्या जोरावर चाललेल्या सत्तेला त्यांनी कर्तव्याची बेडी घातली, हे खरे. परंतु तो वर्गच दुबळा निघाला तर धाकट्यांनी दाद कोठे मागावी, हा प्रश्न त्या व्यवस्थेत अनुत्तरितच राहिला, असे माझे मत आहे.

थॉमस ह्यूज हा 1834 पासून 1842 पर्यंत याच शाळेत शिकला, आणि आपल्या थोरल्या मुलाला शाळेत धाडण्याची वेळ आली तेव्हा त्याच्यासाठी लिहावयास घेतलेले ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ त्याने 1857 साली निनावी प्रसिद्ध केले. अनुत्तरित राहिलेला तो प्रश्नच या कादंबरीच्या गाभ्याशी आहे. सहावा वर्ग दुबळा झाल्याचे पाहून पाचव्या वर्गातील दांडग्यांनी नसलेला हक्क बळकाविला, तेव्हा टॉम आणि त्याचा मित्र ईस्ट यांनी खोलीचे दार आतून अडवून त्यांची चाकरी साफ नाकारली. सहाव्या वर्गाची सेवा ते बिनतक्रार करीत होते; पाचव्याचा हुकूम मात्र बेकायदा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे सोडतीची चिठ्ठी विकावयास नकार दिल्यावरून त्या दांडग्यांपैकी फ्लॅशमन नावाच्या मुलाने टॉमला शेकोटीसमोर धरून भाजले, तरी मूर्च्छेतून सावध झाल्यावरही त्याने कोणाचे नाव सांगितले नाही.

तथापि मला याहून मोठा वाटतो तो जॉर्ज आर्थरचा प्रसंग. पितृहीन, अशक्त असा हा मुलगा शाळेतल्या पहिल्याच रात्री, भोवती हसणेखिदळणे चालले असता, नित्याप्रमाणे बिछान्यापाशी गुडघे टेकून प्रार्थनेस बसला. कोणी त्याच्यावर सपात भिरकावली, आणि टॉमने आपला बूट काढून त्या मारणाऱ्यावर फेकला. आईला दिलेले प्रार्थनेचे वचन टॉमने स्वतः कधीच सोडून दिले होते. त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि सकाळी सर्वांसमक्ष त्यानेही गुडघे टेकले. दुबळ्याने बलवानाला धीर दिला आणि बलवानाने दुबळ्याला आधार, अशी ती मैत्री जडली. आणि आर्थरला टॉमच्या हाती सोपविण्यात डॉ. आर्नल्ड यांचाच हात होता, हे टॉमला शाळा सोडतेवेळी, अखेरच्या क्रिकेट सामन्याच्या दिवशी कळले.

ग्रंथ उपदेशपर झाला अशी टीका झाली, तेव्हा ह्यूजने सहाव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, मुलांना उपदेश करण्यासाठीच आपण लिहिले, असे निर्भीडपणे मान्य केले आणि शाळांतील छळाविषयी एका जुन्या मित्राचे पत्रही तेथे छापले. 1861 साली सरकारने नेमलेल्या क्लॅरेंडन आयोगाने रग्बीसह नऊ शाळांची चौकशी करून 1864 साली आपला अहवाल दिला, त्यावरून 1868 चा कायदाही झाला; परंतु त्याचा रोख मुख्यत्वे नियामक मंडळे आणि शाळांच्या निधीचा कारभार यांवर होता. धाकट्यांची ती चाकरी इंग्लंडातील अशा शाळांतून विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिली.