संघाच्या उत्कर्षाचे श्रेय कोणाचे? बँकॉक १९९८ : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय पुरुष हॉकी संघाने सुवर्णपदक पटकाविले. त्यापूर्वीचे सुवर्णपदक १९६६ साली, तेही बँकॉक येथेच मिळाले होते. म्हणजे मध्ये ३२ वर्षांचा काळ गेला. या विजयी संघाचे कर्णधार होते पुण्यातील खडकीचे धनराज पिल्ले आणि प्रशिक्षक होते महाराज कृष्ण कौशिक. विजयाचा आनंद ओसरण्यापूर्वीच कर्णधार, काही ज्येष्ठ खेळाडू आणि प्रशिक्षक हे सर्वच संघाबाहेर गेले. पराभवानंतर अशा गोष्टी घडतात हे आपण जाणतो. विजयानंतर घडल्याचे उदाहरण विरळा. म्हणूनच ‘संघ सुधारला तो प्रशिक्षकामुळे की खेळाडूंमुळे?’ हा क्रीडारसिकांचा नेहमीचा वाद येथे इतिहासाच्या अभ्यासकानेही हाती घेण्यासारखा आहे.

प्रशिक्षकाच्या बाजूचा पुरावा

प्रथमदर्शनी पुरावा कौशिक यांच्या बाजूचा दिसतो. मे-जून १९९८ मध्ये नेदरलँड्समधील यूट्रेख्ट येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेत भारत नवव्या स्थानी राहिला होता. त्यानंतर संघाची सूत्रे कौशिक यांच्याकडे आली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघाचे ते खेळाडू. खेळाडूंचा गाभा बहुतांशी तोच राहिला, कर्णधारही तोच राहिला आणि अवघ्या सहा-सात महिन्यांत नवव्या क्रमांकाचा संघ सुवर्णपदकाचा मानकरी झाला. बदलला तो प्रशिक्षक. तेव्हा श्रेय प्रशिक्षकाचे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

परंतु हा मोह आवरला पाहिजे. विश्वचषकात युरोपातील संघ व ऑस्ट्रेलिया असतात, आशियाई स्पर्धेत ते नसतात. शिवाय आशियातील भारताचे स्थान कधीच नववे नव्हते. १९७०, १९७४, १९७८, १९८२, १९९० आणि १९९४ या सहा स्पर्धांत भारताने रौप्यपदक मिळविले होते, १९८६ मध्ये कांस्य. म्हणजे बँकॉकचा विजय हा तळातून शिखरावर घेतलेली झेप नसून वर्षानुवर्षे हुकलेली शेवटची पायरी होती. दोन भिन्न मापांनी मोजून ‘कायापालट’ सिद्ध करणे वृत्तपत्राला शोभेल, इतिहासाला नाही.

ही शेवटची पायरी कशी चढली गेली, तेही पाहण्यासारखे आहे. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी १-१ असा बरोबरीत राहिला आणि भारताने तो पेनल्टी स्ट्रोकवर ४-२ असा जिंकला. या निर्णायक क्षणी गोलरक्षक आशीष बल्लाळ हे संघाचे खरे आधारस्तंभ ठरले. स्ट्रोकच्या वेळी गोलरक्षक एकटा असतो, तेथे प्रशिक्षकाची हाक पोहोचत नाही. मात्र बल्लाळ यांच्या मागे संघाचे गोलरक्षण-प्रशिक्षक म्हणून मीर रंजन नेगी उभे होते. हे तेच नेगी, ज्यांनी १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७ गोल स्वीकारले आणि पुढे वर्षानुवर्षे अवहेलना सोसली. गोलरक्षकाच्या यशात त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेले नाही. प्रशिक्षकाच्या कामाची हीच अडचण आहे. खेळाडूचे कर्तृत्व हजारोंच्या डोळ्यांदेखत घडते व धावफलकावर नोंदले जाते. प्रशिक्षकाचे सराव शिबिरात घडते आणि नोंदीविना विरून जाते.

खडकी, चेंबूर, कांदिवली

खेळाडूंच्या बाजूचा विचार करताना बँकॉकहून मागे, महाराष्ट्रात यावे लागते. धनराज यांचे बालपण खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत गेले. वडील तेथे मैदानाची देखभाल करीत. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडे मातीच्या मैदानावर खेळत. महंमद शाहिद यांच्या खेळाची नक्कल हेच त्यांचे शिक्षण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धनराज मुंबईस आले, कारण थोरले बंधू रमेश चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून (आर.सी.एफ.) खेळत होते. पुढे कांदिवलीत कारखाना असलेल्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात त्यांना ऑलिंपिकपटू जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले आणि १९८९ साली ते भारताकडून खेळले.

हा प्रवास ध्यानी घेतला की ‘प्रशिक्षक’ या शब्दाचा अर्थच विस्तारतो. स्पर्धेपूर्वी काही महिने नेमलेला राष्ट्रीय प्रशिक्षक हा प्रशिक्षकांच्या मालिकेतील शेवटचा दुवा. त्याआधी थोरला भाऊ असतो, कंपनीचा संघ असतो, खेळाडूला नोकरी देऊन दुपारी मैदानावर सोडणारा अधिकारी असतो. मुंबईची हॉकी गिरण्या-कारखाने, रेल्वे, विमान कंपन्या व बँका यांच्या संघांवर पोसली गेली. खाडीच्या अलीकडे, नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात, कारखाने आले पण ती हॉकी-परंपरा त्यांच्याबरोबर आली नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

पदकानंतर

बँकॉकहून परतल्यावर जे घडले ते सर्वश्रुत आहे. धनराज व इतर ज्येष्ठ खेळाडूंना ‘विश्रांती’ देण्यात आल्याचे सांगण्यात आले. खेळाडूंना मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्याविषयी आणि व्यवस्थापनाविषयी धनराज उघडपणे बोलले होते, त्याचीच ही शिक्षा अशी सार्वत्रिक भावना होती. भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष त्या काळी के. पी. एस. गिल होते. कौशिक यांचेही पद गेले. अभ्यासकाच्या दृष्टीने येथे एक विचित्र गोष्ट घडली : खेळाडू राहिले असते व प्रशिक्षक गेला असता, अथवा उलट झाले असते, तर दोघांच्या वाट्याची काही तुलना करता आली असती. दोघांनाही एकदमच दूर केल्याने ती संधी उरली नाही. श्रेय कोणाचे हा प्रश्न महासंघाने सोडविला नाही. त्याने श्रेयाचे दोन्ही दावेदारच दूर केले.

धनराज परतले. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) भारत सातवा आला. २००३ मध्ये धनराज यांच्या नेतृत्वाखाली व राजिंदर सिंग यांच्या प्रशिक्षणाखाली भारताने क्वालालंपूर येथे पाकिस्तानला नमवून प्रथमच आशिया चषक जिंकला. पुढील वर्षी अथेन्स ऑलिंपिक तोंडावर आले असता राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणले गेले. भारत पुन्हा सातवाच. जोकिम कार्व्हालो यांचा अनुभव याहून बोलका आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सप्टेंबर २००७ मध्ये चेन्नईत भारताने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ७-२ असे हरविले. मार्च २००८ मध्ये चिलीतील सांतियागो येथे ब्रिटनकडून ०-२ अशी हार पत्करून भारत १९२८ नंतर प्रथमच ऑलिंपिकला मुकला. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. सहा महिन्यांत हाच माणूस शिल्पकारही ठरला आणि अपराधीही. आशियात जिंकणारा व जगात हरणारा हा संघ प्रशिक्षकाच्या वा खेळाडूंच्या गुणावगुणांनी जितका ठरला, त्याहून अधिक तो कृत्रिम मैदानांची संख्या, आहार, शारीरिक तयारी व सामन्यांचे नियोजन यांनी ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि या गोष्टी महासंघाच्या अखत्यारीतील होत्या.

लोकस्मृतीने मात्र निराळा निवाडा दिला. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सूरजलता देवी यांच्या नेतृत्वाखालील महिला संघाने इंग्लंडला ३-२ असे हरविले. ममता खरब यांचा सुवर्ण गोल निर्णायक ठरला. त्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात नेगी होते. २००७ साली ‘चक दे इंडिया’ हा चित्रपट आला, त्यात कथेचा नायक प्रशिक्षक झाला, आणि आज सामान्य प्रेक्षकाला त्या चित्रपटातील प्रशिक्षक आठवतो, गोल करणारी ममता आठवत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) भारतीय पुरुषांनी ४१ वर्षांनी पदक मिळविले तेव्हा ग्रॅहम रीड यांचा गौरव झाला. जानेवारी २०२३ मध्ये मायदेशातील विश्वचषकात संघ उपांत्यपूर्व फेरीही गाठू शकला नाही तेव्हा त्यांनी पद सोडले. पॅरिसमध्ये (२०२४) क्रेग फुल्टन यांच्या हाताखाली बहुतांश त्याच खेळाडूंनी पुन्हा कांस्यपदक आणले. दोन्ही पदकांमागे २०१८ पासून ओडिशा सरकारने दिलेले अखंड आर्थिक पाठबळ होते. बँकॉकच्या संघाला असे पाठबळ मिळाले नव्हते. कौशिक यांना २००२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, धनराज यांना त्याआधीच खेलरत्न. पण १९९८ चा तो संघ एकत्र पुन्हा मैदानावर उतरू शकला नाही. कौशिक ८ मे २०२१ रोजी करोनाने गेले, टोकियोच्या पदकापूर्वी तीन महिने.