चर्चच्या वास्तूची अन्य धर्मीयांना विक्री

चर्चच्या वास्तूची अन्य धर्मीयांना विक्री : उपासना बंद पडलेली चर्चची इमारत खरेदीखताने दुसऱ्या धर्माच्या लोकांकडे जाणे आणि तिथे मशीद, मंदिर, गुरुद्वारा किंवा सिनेगॉग उभे राहणे, हा या नोंदीचा विषय आहे, त्यातून निघणारे नैतिक प्रश्न हा त्याचा गाभा. प्रश्न मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा आणि पश्चिम युरोप व उत्तर अमेरिका इथला आहे. प्रार्थनास्थळे त्याआधीही एका धर्माकडून दुसऱ्याकडे जात होती, पण ती बळाच्या जोरावर. कोर्दोबाची मशीद १२३६ मध्ये कॅथेड्रल झाली, कॉन्स्टँटिनोपलची हागिया सोफिया १४५३ मध्ये मशीद झाली. दोन्ही वेळा कोणी कोणाला इसार दिला नव्हता. विक्रीत मात्र देणारा राजी असतो, घेणारा राजी असतो, पैसे चुकते होतात. तरीही गावात कोणाला तरी आपले काही लुबाडले गेल्यासारखे वाटते. ते नेमके काय, यावरच सगळा वाद आहे.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात या वादाची एक किल्ली सापडते. ‘चर्च’ या शब्दात माणसेही येतात आणि इमारतही. मराठी ख्रिस्ती माणूस माणसांना ‘मंडळी’ म्हणतो आणि इमारतीला ‘देवालय’ किंवा ‘मंदिर’. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या प्रसिद्ध चर्चचे नावच पवित्र नाम देवालय. प्रॉटेस्टंट विचाराचा कल मंडळीकडे झुकतो : देव जमलेल्या माणसांत आहे, विटांमध्ये नाही. मंडळी उठून गेली की मागे उरते ती रिकामी जागा. हा विचार पुरता मान्य असणाऱ्याला ती जागा कोणालाही विकायला हरकत नसावी. पण ज्या बाकावर बसून आजी प्रार्थना करत होती, ज्या पायऱ्यांवरून वडिलांची शवपेटी खाली आणली, त्या जागेशी माणसाचे नाते धर्मशास्त्राला विचारून ठरत नाही.

कॅथलिक धर्मविधी वास्तूला जास्त महत्त्व देतो, म्हणून तिच्यातून पावित्र्य काढून घेण्याची रीतही त्याने आखून दिली आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याचा १२२२ वा नियम सांगतो की चर्च उपासनेच्या कामाचे उरले नाही आणि दुरुस्तीचा मार्गही नसला, तर बिशप ते लौकिक वापरासाठी मोकळे करू शकतो. अट एवढीच की तो वापर गलिच्छ नसावा. इतर गंभीर कारणांसाठीही तसे करता येते, पण मग धर्मगुरूंच्या सभेचे मत घ्यावे लागते. १२३८ वा नियम त्याहून बोलका आहे. चर्च लौकिक वापराला दिले तरी वेदीचे पावित्र्य आपोआप जात नाही. म्हणून इमारत हातची जाण्याआधी वेदीची वेगळी व्यवस्था लावावी लागते. गणपतीची उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची हलवली की मखर हे नुसते मखर उरते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातला तर्क समजावून सांगावा लागणार नाही. गोव्यात १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या धाकाने कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला नेला गेला, तेव्हा भक्तांनीही आधी देव हलवला. मात्र ते पळून जाणे होते, विकणे नव्हे. दोहोंना एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

खरी अडचण ‘गलिच्छ नसलेला वापर’ म्हणजे काय, इथे सुरू होते. डब्लिनमधले सेंट मेरीज हे जुने चर्च आज मद्यपानगृह आहे. गिनेस बिअरचा जनक आर्थर गिनेस याचे लग्न तिथेच लागले होते, त्यामुळे योगायोग म्हणून सोडून देता येईल. मास्ट्रिख्टच्या डॉमिनिकन चर्चमध्ये २००६ पासून पुस्तकांचे देखणे दुकान आहे. अशा बदलांवर लोक हळहळतात आणि मग तिथेच कॉफी प्यायला जातात. मशिदीचे नाव निघाले की आवाज चढतो. जर्मन कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००३ मध्ये चर्चच्या फेरवापराबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. बिगरख्रिस्ती धर्मांच्या उपासनेसाठी चर्च देणे त्यांनी साफ नाकारले. कारण दिले ते अशा कृतीतून जाणाऱ्या संदेशाचे आणि कॅथलिक भाविकांच्या भावनांचे. या कारणात प्रामाणिकपणा आहे, कारण इथे पावित्र्यभंगाचा आरोप केलेला नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की जिथे देवाचे नाव पुन्हा घेतले जाणार तो वापर अधिक दुखतो आणि जिथे ते कधीच घेतले जाणार नाही तो कमी. दुखणे देवाचे नसून शेजाऱ्यासमोर हार मानल्याचे आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हॅम्बुर्गच्या हॉर्न भागातले कापेरनाउम चर्च हे या विषयातले सर्वांत शिकवून जाणारे उदाहरण. १९६१ मध्ये पुरे झालेली ही प्रॉटेस्टंट वास्तू. शेजारी ४४ मीटर उंच मनोरा. मंडळी रोडावली, २००२ मध्ये उपासना संपवण्याचा विधी झाला आणि २००५ मध्ये इमारत एका खासगी गुंतवणूकदाराला विकली गेली. बालवाडी वगैरे बेत होते, ते कागदावरच राहिले आणि वास्तू पडझडीला लागली. त्याच शहरात अल्-नूर इस्लामी केंद्राचे लोक सांक्ट गेओर्ग भागातल्या एका भूमिगत पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे नमाज पढत होते. २०१२ च्या अखेरीस त्यांनी ही जागा त्या गुंतवणूकदाराकडून घेतली. बातमी फुटली तेव्हा जर्मनीभर गदारोळ उडाला. चर्चकडे बोट दाखवणाऱ्यांना चर्चचे उत्तर तयार होते : आम्ही मशिदीला विकलेच नाही. ते खरेही होते. वास्तू वारसा म्हणून संरक्षित असल्याने नव्या मालकांनी बाहेरचे रूप जवळजवळ तसेच ठेवले. मनोऱ्याच्या टोकावर क्रूसाच्या जागी सोनेरी अरबी अक्षरांत ‘अल्लाह’ आले. खर्चाला कुवेतकडून देणगी मिळाली, त्यावरून आणखी एकदा वाद झाला. २०१८ च्या सप्टेंबरात मशीद सुरू झाली.

या प्रकरणात चुकले कोण? अल्-नूरने गाडीतळातून वर उजेडात येण्यासाठी रीतसर पैसे मोजले. मोडकळीला आलेली इमारत त्यांनी सावरली. चूक असलीच तर पहिल्या विक्रीत होती : मंडळीने घर विकले आणि पुढे त्याचे काय होईल हे बाजारावर सोपवले. न्यूयॉर्कमध्ये हेच दुसऱ्या अंगाने घडले. मॅनहॅटनचे चर्च ऑफ द होली कम्युनियन एपिस्कोपल चर्चने व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या एका संस्थेला दिले. इतका सत्पात्री खरेदीदार शोधूनही सापडला नसता. संस्था पैशांच्या ओढाताणीत सापडली, तिने इमारत पुढे विकली आणि १९८३ मध्ये तिथे लाइमलाइट नावाचा नाइटक्लब उघडला. पुढे तो अमली पदार्थांसाठीच बदनाम झाला. पहिला खरेदीदार पारखून घेतला म्हणजे जबाबदारी संपत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी खरेदीखतातच अटी घालतात : दारू विकू नये, जुगार नसावा, काही वेळा इतर धर्मांची उपासनाही नसावी. ही शेवटची अट विक्रीनंतरही जमिनीला चिकटून राहते; विकणारी मंडळी विरून गेली तरी तिचा नकार मागे राहतो. दारूबंदीची अट आणि नमाजबंदीची अट एकाच यादीत वाचताना शेजारच्या मुसलमानाला किंवा शिखाला काय वाटत असेल, याचा विचार मसुदा करणाऱ्या वकिलाने सहसा केलेला नसतो.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ही सगळी प्रक्रिया कागदोपत्री उघड्यावर चालते. १९६८ चा कायदा आणि पुढे आलेला २०११ चा मिशन अँड पॅस्टोरल मेझर यांनुसार चर्च बंद करायचे किंवा त्याचा नवा वापर ठरवायचा, तर मसुदा जाहीर करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. चर्च कमिशनर्स त्यावर निर्णय देतात आणि चर्च बंद करण्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपर्यंत दाद मागता येते. साउदॅम्प्टनचे सेंट ल्यूक्स चर्च शीख समाजाकडे जाऊन गुरुद्वारा झाले ते अशाच प्रक्रियेतून. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल वगैरे स्वतंत्र मंडळ्यांचा कारभार त्या मानाने सुटसुटीत. त्यातच धर्मादाय विश्वस्तांनी मालमत्तेची मिळेल ती चांगली किंमत घ्यावी, अशी इंग्लिश कायद्याची सर्वसाधारण अपेक्षा असते. एकीकडे बोली जास्त लावणारा हिंदू किंवा मुस्लिम न्यास, दुसरीकडे कमी पैसे देऊ शकणारी आफ्रिकी पेंटेकोस्टल मंडळी, अशी वेळ आली की विश्वस्ताची पंचाईत होते. आपल्या धर्माच्या माणसाला स्वस्तात दिले तर न्यासाचे नुकसान, परक्याला महाग दिले तर मंडळीचा रोष.

भारतीयांचा या कथेत मोठा वाटा आहे, आणि तो बहुतेक वेळा गुजराती उच्चारात आहे. बोचासणवासी स्वामीनारायण संस्थेचे ब्रिटनमधले पहिले मंदिर १९७० मध्ये उत्तर लंडनच्या इस्लिंग्टनमध्ये एका वापरात नसलेल्या चर्चमध्येच उघडले. बर्मिंगहॅमचे श्री गीता भवन म्हणजे जुने सेंट जॉर्जेस प्रेसबिटेरियन चर्च. लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे जैन केंद्र मात्र थांबून पाहावे असे आहे. एकोणिसाव्या शतकातले हे काँग्रिगेशनल चर्च जैन समाजाने १९७९ मध्ये घेतले आणि १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. रस्त्यावरून दिसते ते पांढऱ्या संगमरवराचे कोरीव दर्शनी तोंड. बाजूने पाहिले की त्यामागे व्हिक्टोरियन चर्चचे अंग ओळखू येते. आत श्वेतांबर आणि दिगंबर दोघांची मंदिरे, स्थानकवासींचा उपाश्रय, श्रीमद् राजचंद्रांचे ज्ञानमंदिर, सगळे एका छपराखाली. भारतात जे पंथ एखाद्या तीर्थाच्या हक्कावरून पिढ्यानपिढ्या कोर्टात भांडतात, ते इंग्लंडमधल्या एका चर्चमध्ये शेजारी राहायला शिकले. रंगीत काचांच्या खिडक्यांची चर्चची रीतही त्यांनी टाकली नाही. काचांवर आता महावीरांचे चरित्र आहे.

लंडनच्या ब्रिक लेनवरची जामे मशीद या विषयावरच्या बहुतेक लेखांत येते, आणि ती वगळणे अवघडच आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांनी ती चॅपेल म्हणून बांधली. १८०९ मध्ये ज्यूंचे धर्मांतर घडवू पाहणारी एक ख्रिस्ती संस्था तिथे आली, १८१९ मध्ये मेथडिस्ट आले, आणि त्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातल्या ज्यूंनी तिचे सिनेगॉग केले. ज्यूंना ख्रिस्ती करायला निघालेल्यांच्या जागेत ज्यूंचीच प्रार्थना सुरू झाली, यातला उपरोध त्या वस्तीच्या नजरेतून सुटला नसणार. १९७६ पासून तिथे मुख्यतः सिल्हेटकडून आलेल्या बांगलादेशींची मशीद आहे. भिंतीवरचे १७४३ साल कोरलेले सूर्यघड्याळ कोणीही काढलेले नाही. अॅमस्टरडॅमच्या रोझेनग्राख्तवरची फातिह मशीद तशीच, फक्त तिच्या वाटेत एक दुकान आले : जेझुइटांचे ‘दे झायर’ चर्च १९७१ मध्ये बंद झाले, काही काळ तिथे गालिचे विकले जात होते आणि १९८१ मध्ये नमाज सुरू झाली. गालिचे इमामांच्या आधी पोचले होते, असे म्हणायला हरकत नाही.

वादात क्वचितच आठवली जाणारी गोष्ट अशी की याबद्दलचा जुना आणि तपशीलवार विचार ज्यू परंपरेत आहे. इसवी सनाच्या सुमारे २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, मगिल्ला या प्रकरणात, प्रार्थनास्थळ विकून आलेल्या पैशाचे काय करावे हे सांगितले आहे. त्यातून धर्मग्रंथांची पेटी घ्यावी, पेटीच्या पैशातून आवरणे, आवरणांच्या पैशातून ग्रंथ. उलटा प्रवास चालणार नाही. खरेदीदाराने वास्तूचे न्हाणीघर किंवा कातडी कमावण्याची जागा करू नये, असे बहुतेक पंडितांचे मत; एकाने तर परत घेण्याचा हक्क राखूनच विकावे, अशी अट सुचवली. इस्लामी वक्फचा दंडक याच्या दुसऱ्या टोकाला आहे : इस्लामी धर्मशास्त्राच्या बहुतेक परंपरांत मशीद कायमची मशीद, तिची विक्री नाही, फक्त हन्बली परंपरेच्या मतात पडीक वास्तूबाबत काही सूट आहे. म्हणजे चर्च मशिदीला विकणे हा बहुधा एकदिशा रस्ता. विकणाऱ्यांना याची जाणीव असते आणि त्यांच्या अस्वस्थतेत तिचाही वाटा आहे.

ज्यूंना विकले म्हणजे सगळे शांत, असेही नाही. बीलेफेल्डच्या पाउल-गेर्हार्ट चर्चचे २००८ मध्ये बाइत टिकवा सिनेगॉग झाले, त्याआधी मंडळीतल्या काहींनी चर्चमध्ये ठाण मांडले होते. त्यांचे भांडण ज्यूंशी नव्हते. आपले चर्च वरून ठरवून बंद केले, याचा तो राग होता. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यापूर्वीची बहुतेक चर्च सरकारच्या किंवा नगरपालिकांच्या मालकीची, त्यामुळे तिथे वाद लगेच राजकारणात उतरतो. २०१५ मध्ये पॅरिसच्या मोठ्या मशिदीचे रेक्टर दलील बुबाकर यांनी रिकामी चर्च मुसलमानांना वापरू द्यावीत असे सुचवताच एका साप्ताहिकाने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली; सही करणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझीही होते. जर्मन कॅथलिकांनी वसवलेले न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसचे होली ट्रिनिटी चर्च २०१० मध्ये बंद झाले आणि पुढे निर्वासितांना शिकवणाऱ्या एका संस्थेने मशिदीसाठी घेतले. बाहेरचे सहा क्रूस उतरवायला शहराच्या वारसा मंडळाची परवानगी लागली; सुनावणीत विरोध झाला, पण २०१४ मध्ये ती मिळाली. नव्या मशिदीला नाव दिले मरियमपुत्र ईसाचे, म्हणजे येशूचे.

भारतात असा व्यवहार जवळजवळ अशक्य आहे, आणि कारण चर्चच्या नियमांत नाही. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. ती मिळवता येते. पण १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याचे तिसरे कलम एका धर्माच्या प्रार्थनास्थळाचे दुसऱ्या धर्माच्या, इतकेच नव्हे तर त्याच धर्माच्या दुसऱ्या पंथाच्या, प्रार्थनास्थळात रूपांतर करायला कोणालाही मनाई करते. कलमात बळजबरी आणि राजीखुशी असा भेद केलेला नाही. शब्दशः वाचले तर रिकामे चर्च गोदामाला विकण्याच्या आड हा कायदा येत नाही. तेच चर्च शेजारच्या गुरुद्वाऱ्याने पूर्ण किंमत मोजून घेतले आणि तिथे गुरू ग्रंथसाहिबांचा प्रकाश केला, तर सहाव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.