३०० मार्कांचा दंड

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव निघाले की त्या शास्त्रज्ञाची एक गोष्ट आपल्याला हटकून आठवते. १८९७ च्या १० जानेवारीस त्याने प्लेगची नवी लस मुंबईत प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. श्रोतेहो, आज ज्या प्राध्यापकाविषयी बोलायचे आहे, त्याची रीत नेमकी उलट होती.

अल्बर्ट नायसर हा जर्मनीतील ब्रेस्लाऊ विद्यापीठात त्वचारोगांचा प्राध्यापक. परम्याचे जंतू १८७९ मध्ये शोधून काढले ते यानेच. तेव्हा हा कोणी भोंदू वैदू नव्हता, हे ध्यानात असू द्या. उपदंशाला आळा घालता येतो का, हे पाहण्यासाठी १८९२ मध्ये त्याने उपदंशाच्या रोग्यांचे रक्तजल दुसऱ्याच दुखण्यांसाठी आलेल्या काही स्त्रियांना टोचले. त्यांत बहुतेक वेश्या होत्या. काय टोचतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नाही. विचारण्याची तर गोष्टच नको. पुढे त्यांतल्या काहींना उपदंश झाला. हे सारे प्राध्यापकमहाशयांनी १८९८ मध्ये आपणच छापून प्रसिद्ध केले! रोग टोचण्याने नव्हे, त्या बायांच्या धंद्यामुळे झाला, असे त्यांचे म्हणणे.

वृत्तपत्रांत गहजब झाला. बहुतेक अध्यापकमंडळी नायसरच्या पाठीशी उभी राहिली. न्यायालयाने मात्र त्याला ३०० मार्क दंड केला. रक्कम किरकोळच, पण निवाडा पाहा. प्रयोग निरुपद्रवी आहे अशी या विद्वानाची खात्री असेलही, तरी त्याने संमती घ्यायला हवी होती. म्हणजे चूक शास्त्राची नव्हे, न विचारण्याची ठरली.

याच सुमारास, २९ डिसेंबर १९०० रोजी, प्रशियाच्या शिक्षण व वैद्यक खात्याने रुग्णालयांच्या प्रमुखांना आज्ञापत्र धाडले. निदान, उपचार वा प्रतिबंध यांवाचून अन्य हेतूने करायचा प्रयोग अज्ञान मुलांवर करू नये. अपाय कोणता होऊ शकेल हे समजावून संमती घेतल्याखेरीज कोणावरच करू नये. आणि तशी नोंद ठेवावी. या आज्ञापत्रामागे कायद्याचे बळ नव्हते. शिवाय परवानगी द्यायची कोणी? तर त्याच रुग्णालयाच्या प्रमुखाने. आता नायसर स्वतःच आपल्या रुग्णालयाचा प्रमुख होता!

सरकारी पैशावर चालणारा प्रयोग आधी संस्थेतील इतर सहकाऱ्यांच्या समितीने तपासावा, असा दंडक अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९६६ मध्ये घातला. पण त्याच खात्याने १९३२ पासून अलाबामात शेकडो काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून उपदंशाचेच निरीक्षण चालविले होते, आणि ते १९७२ पर्यंत चालूच राहिले. ‘तुमचे रक्त बिघडले आहे’ एवढेच त्या माणसांना सांगण्यात आले होते.