उशी

उशी ही झोपताना डोके व मान यांना आधार देण्यासाठी अंथरुणाच्या वरच्या टोकाला ठेवली जाणारी वस्तू आहे. कापडी खोळीत कापूस, सावर, पिसे, कृत्रिम तंतू, फोम किंवा रबर भरून ती तयार करतात व तिच्यावर धुता येण्याजोगा अभ्रा चढवतात. उशी डोक्यासाठी असते असे सर्वसाधारणपणे मानले जात असले, तरी शरीररचनेच्या दृष्टीने मान आणि गादी यांच्यामधील पोकळी भरून काढणे हे तिचे मुख्य कार्य आहे. ही पोकळी झोपण्याची स्थिती, खांद्यांची रुंदी आणि अंथरुणाचा कठीणपणा यांनुसार बदलते. त्यामुळे सर्वांना सारखीच सोयीची ठरेल अशी एकच उशी असू शकत नाही.

व्युत्पत्ती

'उशी' हा शब्द संस्कृत 'उच्छीर्षक' या शब्दापासून प्राकृतामार्गे मराठीत आला आहे. ज्यायोगे मस्तक उंचावते ते उच्छीर्षक होय. संस्कृतात उशीसाठी 'उपधान' व 'उपबर्हण' हे शब्दही आढळतात. मराठीत 'उशाशी', 'उशाला', 'उशापायथ्याला' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. बैठकीवर टेकण्यासाठी वापरले जाणारे लोड, तक्क्या व गिरदी हे उशीचेच नातलग असले, तरी ते पाठीला व कोपराला आधार देतात. झोपण्यासाठी ते बहुधा फार उंच व टणक ठरतात.

इतिहास

प्राचीन इजिप्तमध्ये लाकूड, दगड व हस्तिदंत यांचे मस्तकाधार वापरात होते. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातही असे मस्तकाधार मिळाले. चीनमध्ये चिनीमातीच्या कठीण उशा वापरल्या जात. जपानमध्ये केशरचना मोडू नये म्हणून स्त्रिया मानेखाली उंच, अरुंद उशी घेत असत.

महाराष्ट्रात उशीचे एक सुप्रसिद्ध शिल्प अजिंठा येथील २६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या महापरिनिर्वाण शिल्पात भगवान बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले असून त्यांचे मस्तक उशीवर विसावलेले आहे.

मानेची रचना

मानेत सात मणके असतात. त्यांची रांग सरळ नसून पुढच्या बाजूस किंचित फुगीर अशी कमान तिला असते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते व दिवसभर ते याच मणक्यांवर तोललेले असते. मणक्यांमधील चकत्या दिवसा दाबाखाली थोडे पाणी गमावतात आणि आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषून घेतात. म्हणूनच सकाळी माणसाची उंची रात्रीपेक्षा एखादा सेंटीमीटर अधिक भरते.

झोपेत स्नायू शिथिल होतात. जागेपणी वाकडी मान स्नायूंच्या तक्रारीमुळे चटकन सरळ केली जाते; झोपेत मात्र ती तासन्‌तास तशीच राहू शकते. उशी फार उंच असल्यास मान पुढे किंवा बाजूला दुमडते, फार सपाट असल्यास ती मागे किंवा खाली कलते. दोन्ही प्रकारांत सांधे व अस्थिबंध यांवर ताण येऊन सकाळी मान आखडणे, डोकेदुखी किंवा खांद्यात कळ येणे अशा तक्रारी उद्भवू शकतात.

झोपण्याची स्थिती व उशीची उंची

उताणे झोपताना उशी मध्यम ते कमी उंचीची असावी. हनुवटी छातीकडे झुकू नये व कपाळाच्या मानाने ती वरही उचलली जाऊ नये. मानेखाली थोडा अधिक व डोक्याखाली थोडा कमी उंचवटा असणे इष्ट असते. त्यासाठी पंचाची गुंडाळी करून अभ्र्याच्या आत खालच्या कडेला ठेवण्याचा सोपा उपाय फिजिओथेरपिस्ट सुचवतात.

कुशीवर झोपताना कान आणि खांद्याचे टोक यांमधील अंतर भरून निघेल एवढी उंची लागते. नाक छातीच्या मध्यरेषेच्या सरळ रेषेत राहिले, म्हणजे उशी योग्य आहे असे समजावे. उशी डोके व मान यांच्याखाली असावी. खांदा तिच्यावर चढवू नये. रुंद खांद्यांच्या व्यक्तीस अधिक उंच उशी लागते, म्हणून पती-पत्नींना एकाच मापाच्या उशा सोयीच्या ठरतीलच असे नाही.

पालथे झोपल्यास श्वास घेण्यासाठी मान एका बाजूस पूर्ण वळवावी लागते. मानेसाठी ही स्थिती सर्वांत गैरसोयीची आहे. ती सवय सुटत नसल्यास अगदी पातळ उशी घेणे किंवा उशीच न घेणे बरे.

उशीची उंची अंथरुणापासून वेगळी काढून ठरवता येत नाही. मऊ गादीत खांदा आत रुततो व पोकळी कमी होते. सतरंजीवर किंवा चटईवर खांदा रुतत नाही, म्हणून कुशीवर झोपणाऱ्यास तेथे अधिक उंची लागते. जमिनीवर झोपण्याची सवय असलेल्या घरात नवा पलंग व जाड गादी आली की जुनी उशी अचानक उंच वाटू लागते, याचे कारण हेच होय.

भरावाचे प्रकार

कापूस : महाराष्ट्रात परंपरेने कापसाच्या उशा वापरल्या जातात. कापूस घाम शोषतो व डोक्याखाली फारसा तापत नाही. परंतु काही काळाने दबून त्याच्या गाठी होतात. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर मुठ्याने आघात करून कापूस मोकळा करण्याचे काम पिंजारी करीत. या समाजास नदाफ व मन्सुरी या नावांनीही ओळखतात. पुढे हे काम यंत्रांवर होऊ लागले.

सावर : काटेसावर किंवा शाल्मली या झाडाची बोंडे उन्हाळ्यात तडकण्यापूर्वी उतरवून त्यांतील रेशमी कापूस काढतात. कोकणात व सह्याद्रीच्या जंगलांत हे झाड सर्वत्र आढळते. त्याचे तंतू आतून पोकळ व मेणचट असल्याने अत्यंत हलके असतात व पाणी सहज शोषत नाहीत. ते गुळगुळीत असल्याने त्यांचे सूत काढणे कठीण असते, मात्र उशीच्या भरावासाठी ते उत्तम समजले जातात.

फोम व लॅटेक्स : 'मेमरी फोम' हा दाबानुसार आकार घेणारा फोम १९६६ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी विमानातील आसनांच्या उपयोगार्थ विकसित झाला. तो आकार चांगला राखतो, पण उष्णता धरून ठेवतो. लॅटेक्स हे रबराच्या चिकापासून बनते व दाब निघताच पूर्ववत होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात कुशीवर झोपणाऱ्यांना लॅटेक्सची उशी सर्वांत सोयीची व पिसांची सर्वांत गैरसोयीची आढळली. लाटेसारखा आकार दिलेल्या फोमच्या उशीचा साध्या फोमच्या उशीहून अधिक लाभ मात्र दिसला नाही. त्यामुळे केवळ आकारावरून किंवा 'ऑर्थोपेडिक' या नावावरून उशी उपयुक्त ठरेलच असे म्हणता येत नाही.

कोकणातील हवामान व उशीची निगा

पनवेल व रायगड जिल्ह्याच्या इतर भागांत पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. अशा हवेत कापसाची उशी ओलावा धरते, जड होते, तिला कुबट वास येतो व बुरशी लागू शकते. डस्ट माइट या नावाने ओळखले जाणारे धुळीतील सूक्ष्म जीवही दमट अंथरुणात वाढतात व दमा किंवा सर्दीची प्रवृत्ती असलेल्यांना त्रास देतात. पावसाळ्यापूर्वी गाद्या-उशा कडक उन्हात टाकण्याच्या प्रथेमागे हे व्यावहारिक कारण आहे. मान आखडल्यास उशी उन्हात ठेवावी असाही एक समज आहे. उन्हाने मानेवर उपचार होत नाही. परंतु वाळलेला कापूस फुगून उशीची हरवलेली उंची काही अंशी परत येते. फोम व लॅटेक्स मात्र कडक उन्हात खराब होतात, म्हणून त्या उशा सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात.

प्रवासातील उशी

पनवेल ते मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा हार्बर मार्गावरील लोकल प्रवास सव्वा तासाहून अधिक वेळाचा आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेल येथे सुरू होतो व कोकणात जाणाऱ्या रात्रीच्या बसगाड्या त्याच मार्गाने धावतात. बसून झोप लागल्यास डोके पुढे किंवा बाजूला कोसळते व मानेला हिसके बसतात. गळ्याभोवती घालण्याची नालाकृती उशी हे कोसळणे रोखते. मागची बाजू फार जाड असल्यास तीच डोके पुढे ढकलते. अशा वेळी जाड बाजू पुढे, हनुवटीखाली घेणे सोयीचे होते.

लहान मुलांसाठी उशी

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून त्याला मोहरीच्या उशीवर निजवण्याची प्रथा आहे. आधुनिक बालरोगशास्त्राचा सल्ला याहून वेगळा आहे. एक वर्षाखालील बाळास कोणतीही उशी देऊ नये, त्यास सपाट व टणक अंथरुणावर उताणे निजवावे व जवळ मऊ वस्तू ठेवू नयेत, कारण त्यांत नाक-तोंड दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी बाळ जागे असताना, मोठ्यांच्या नजरेखाली, त्याला काही वेळ पालथे ठेवावे व निजवताना डोक्याची बाजू बदलत राहावी.

वैद्यकीय संदर्भ

आडवे झाल्यावर धाप लागणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. म्हणून झोपताना किती उशा लागतात, हा प्रश्न डॉक्टर रुग्णास आवर्जून विचारतात. आम्लपित्तात एकावर एक उशा रचल्याने केवळ मान व पोट दुमडते. पलंगाची डोक्याकडील बाजू उंच करणे अधिक उपयोगी ठरते.

उशी बदलूनही मानदुखी काही आठवड्यांत कमी न झाल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. हाताला मुंग्या येणे, पकड कमजोर होणे, चालताना तोल जाणे, तापासह मान ताठरणे किंवा अपघातानंतर मान दुखू लागणे ही लक्षणे असल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.