शब्दवेध : तांडा

गुरांचा कळप, पाखरांचा थवा, पण उंटांचा तांडा. कळप चरतो, तांडा ओझं घेऊन मजल दरमजल चालतो. जबलपूरजवळचं सिहोरा मिर्झापूरहून दख्खनकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं गाव. अशाच वाटांनी बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत. पाठीवरून दोन्ही कुशींना लोंबणारी गोण, पुढे वाट ठरवणारा नायक. 1867 साली अलाहाबाद-जबलपूर रेल्वे सुरू झाली. आगगाड्या वाढल्या तसा देशभर लदणीचा हा धंदा बसला. बैल गेले, शब्द मात्र टिकला आणि घरांना चिकटला : मराठवाड्या-विदर्भात तांडा म्हणजे आता बंजाऱ्यांची वस्ती, आणि तिथेही नायक आहेच! माणदेशातल्या ‘खिल्लार’चंही असंच, मूळ अर्थ गुरांचा कळप, आज त्या देखण्या पांढऱ्या बैलांची जात.