झाड नेमकं कधी मेलं?

बीरगांवच्या आमच्या घराच्या गच्चीवर तीस वर्षं एक वड होता. उंची जेमतेम दीड फूट. 1991 च्या पावसाळ्यात काकांनी तो शेजारच्या पडक्या भिंतीच्या भेगेतून उपटून आणला आणि उथळ थाळीत लावला. काका 2019 मध्ये गेले. वड माझ्याकडे आला आणि 2021 च्या भाद्रपदात तोही गेला.

मी दोष धुळीला दिला. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून राहणाऱ्यांना हे कारण शोधावं लागत नाही. सकाळी गच्चीवर बोट फिरवलं की ते बोटालाच लागतं. काकूने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "धूळ तर तुझ्या काकांच्या वेळेलाही होती रे."

मी इतिहास शिकवतो. घटनेची तारीख आणि तिचं कारण एकाच ठिकाणी सापडत नाही, हे वर्गात दरवर्षी सांगतो. आमच्या छत्तीसगडचंच उदाहरण घेतो. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये वारले, औरस वारस नव्हता, आणि 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याबरोबर रायपूरही गेलं. पण मुळं त्याआधीच सैल झाली होती. 1818 च्या पराभवानंतर छत्तीसगडचा कारभार इंग्रज अधिकारीच पाहत होते, आणि त्यांच्यातल्या अ‍ॅग्न्यूने ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं. पुढे 1830 मध्ये मुलूख भोसल्यांकडे परत आला, तरी झाड हिरवं दिसत होतं इतकंच. हे शिकवणाऱ्या माणसाने आपल्या वडाची चौकशी मात्र पान गळण्याच्या दिवसापासून सुरू केली होती.

मग थाळी उलटी केली. मातीचा गोळा विटेसारखा घट्ट निघाला, खालचा थर ओला आणि कुबट. मुळं काळी, चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची. वड उपाशी नव्हता, तहानलेला नव्हता. तो बुडाला होता.

माती मीच बदलली होती. जून 2020 मध्ये, "चांगली कसदार" म्हणून, शेतातली काळी कन्हार आणून भरली होती. छत्तीसगडचा शेतकरी मातीला नावांनी ओळखतो : कन्हार, डोरसा, मटासी, भाटा. कन्हार भारी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. भाटा म्हणजे तांबडी, मुरमाड, पाणी सोडून देणारी. शेतात कन्हारीला मान आहे, कारण तिथे खाली खोली असते. उथळ थाळीत तोच गुण जीव घेतो. तळाला भोक असलं तरी सगळं पाणी निथळत नाही. मातीच्या बारीक फटी ते धरून ठेवतात आणि तळाशी एक ओला थर उरतो. माती जितकी बारीक, तितका हा थर उंच. तीन बोटं खोल थाळीत तो जवळजवळ वरपर्यंत येतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. मलूल पान पाहून माणूस आणखी एक तांब्या ओततो. मी रोज ओतत होतो, प्रेमाने.

झाड लगेच मरत नाही, तिथेच फसगत होते. खोडात साठवलेल्या अन्नावर ते महिनोन् महिने तग धरतं. माझा वड जून 2020 मध्येच मरणाला लागला होता. मला ते पंधरा महिन्यांनी कळलं.

बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ थाळीतली लागवड एवढाच. कला त्याहून जुनी. चीनमध्ये इसवी सन 706 च्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवकाच्या हाती झाडांचं तबक दिसतं. या झाडांच्या वयाचं आपण कौतुक करतो, पण ते वय एकट्या झाडाचं नसतं. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यातला पाइन 1625 पासून थाळीत आहे. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला, त्या जागेपासून तो सुमारे तीन किलोमीटरवर होता. भिंतीच्या आडोशाने वाचला. 1976 मध्ये तो अमेरिकेला भेट दिला गेला, आणि ही हकीकत तिथल्या लोकांना 2001 मध्ये, घराण्यातली नातवंडं भेटायला आली तेव्हा कळली. अणुबॉम्बमधून वाचलेलं झाडही आठवडाभराच्या दुर्लक्षाने जाऊ शकतं. म्हणजे या झाडांचा इतिहास हा हातांचा इतिहास आहे, आणि धोका असतो तो हात बदलताना. जपानी माळ्यांत म्हण आहे : पाणी घालायला शिकायची तर तीन वर्षं. माझ्या वडाला मी दोनच दिली.

काकांनी मला झाड दिलं. ते कसं जगतं हे दिलं नाही. तेही अर्धंच खरं. गच्चीच्या खिळ्याला एक चाळणी टांगलेली असायची. काका भाट्याचा मुरूम तिच्यातून चाळत, खाली पडलेली मऊ माती फेकून देत आणि वरचे खडे ठेवत. चांगली माती टाकून खडे कोण ठेवतं, म्हणून आम्ही मुलं हसायचो. मी तीस वर्षं ते पाहिलं आणि एकदाही विचारलं नाही.

यंदा पाण्याच्या टाकीखाली, भेगेत, वडाचं एक रोप उगवलंय. चाळणी अजून खिळ्यालाच आहे. पुतण्याला हाक मारली आणि आधी त्याला सांगितलं, खडे का ठेवायचे ते.