खडी फोडायला या, पगार बाजारच्या दिवशी

चप्पल पायात असू द्या, पण तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. 1973 चा एप्रिल चाललाय, तुम्ही माण तालुक्यातल्या एका उघड्या माळावर उभे आहात आणि सकाळी नऊलाच खालचा मुरूम तळव्यांना चटके द्यायला लागलाय. सावली म्हणाल तर एक बाभूळ आहे. तिच्याखाली झोळ्या टांगल्यात, झोळ्यांत पोरं. त्यांना उठवून तुम्हाला तिथे बसता येणार नाही.

आधी कान सरावू द्या. ठक, ठकठक, ठक. शेकडो हातोड्या पडतायत आणि एकीचा ताल दुसरीला नाही. मधूनच कपची उडते, कुणीतरी शिवी हासडतं, कुणाचं तरी पोर रडतं, की पुन्हा ठकठक सुरू. दगड फुटला की जळकट वास येतो. त्यात घाम, तंबाखू आणि कोरड्या मातीचा वास मिसळला की झालं दुष्काळी काम. पाऊस नाही, विहिरींना तळ दिसतोय, जनावरं विकून झालीत. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात असल्या कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. त्यांत आणखी एक तुम्ही.

मुकादम मस्टर उघडतो, कानामागची पेन्सिल काढतो आणि तुमचे हात उलटेपालटे करून बघतो.

"पावनं, घट्टं दिसंनात कुठं. हितं खुर्ची न्हाई बगा."

तरी नाव लागतं. चौघांची टोळी: एक म्हातारी, तिची सून, शाळा सुटलेला नातू आणि तुम्ही. नातवाने वय वाढवून सांगितलंय. मुकादमाला ते कळलंय, नातवालाही ते ठाऊक आहे. टोळीने फोडलेल्या खडीचे पैसे टोळीत सारखे वाटायचे, असा इथला शिरस्ता.

आता बसा. दगड दोन पायांच्या मध्ये, जुन्या टायरच्या कड्यात अडकवा, म्हणजे निसटणार नाही. बोटांना चिंध्या गुंडाळा. मारा. जोराने नको, दगडाची शीर बघून मारा. पहिल्या तासात तुमचा दगड पांढरा पडतो, फुटत मात्र नाही. म्हातारी शेजारी न बघताच सटासट उडवत असते.

"आंगठा आत घ्या," ती म्हणते, "न्हाईतर पगाराच्या दिशी उठवायला ऱ्हायचा न्हाई."

पलीकडे पदर नाकापर्यंत ओढून बसलेली बाई बघितलीत? गेल्या साली तिच्या मळ्यावर या म्हातारीने खुरपण केलंय. आता दोघींच्या मांडीवर एकाच खाणीचा दगड आहे. त्या एकमेकींकडे बघत नाहीत. तुम्हीही बघू नका.

दुपारी भाकरी सोडा. रंग पाहून दचकू नका. अमेरिकेतून आलेली ही लाल ज्वारी, मिलो. भाकरी थापताना चिरते आणि गार झाली की चामड्यासारखी ओढावी लागते. वर चटणी, पाण्याचा घोट. टँकरचं पाणी कोमट, त्याला पत्र्याचा वास. पोरांची नजर मात्र सुकडीच्या पोत्याकडे. ती गोड भुकटी ओंजळीत पडली की आधी चाटायची, मग चघळायची. नातू तुमच्या वाट्यावरही डोळा ठेवून आहे. द्या त्याला.

संध्याकाळी माप घ्यायला माणूस येतो. इथे सगळं आयुष्य ब्रासमध्ये मोजतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच ढीग म्हणजे एक ब्रास, शंभर घनफूट. त्या ढिगात काय काय लबाड्या चालतात म्हणून सांगू! कुणी पोटात धोंडे घालून वरून बारीक खडी पसरतं, कुणी आतून पोकळ ठेवतं. मापाचा माणूसही काठी खुपसून बघतो. टेप जरा सैल धरायची की ताठ, हेही त्याच्याच हातात. किमान वेतनाचा कायदा 1948 पासून पुस्तकात आहे खरा, पण या माळावर कायदा म्हणजे ती टेप. दिवसाकाठी माणसी दोन-तीन रुपये पडले तर दिवस बरा गेला.

अर्थात दर खडीला आहे, आणि फोडलेली खडी बाईची की गड्याची हे ढिगाला कळत नाही. शेतावर बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. इथे सुनेचा वाटा तुमच्याएवढाच. दुष्काळाने एवढी एक गोष्ट नकळत केली, असं मला वाटतं.

(पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. त्या हमीसाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत कापलेले ते 200 रुपये आठवतात? त्यावर तुम्ही चिडला होतात, ते म्हातारीला सांगू नका.)

पगार आठवड्याचा म्हणतात, पण मध्ये एक बाजार कोरडा गेलाय. आज मात्र टेबल लागलंय. पाठीवर ऊन, पुढच्याच्या सदऱ्याला मिठाचे पांढरे नकाशे. कारकून नाव पुकारतो. जांभळ्या शाईत अंगठा बुडवा, मस्टरवर उठवा. सही येते म्हणून मिरवू नका, रांग खोळंबते. नोटा हातात पडतात, मऊ, तेलकट. दोन रुपयांच्या नोटेवरचा वाघसुद्धा घामाने चिंबलाय. सून पैसे सासूच्या हाती देते. सासू मोजते आणि त्यातली एक नोट गुपचूप परत सुनेच्या मुठीत कोंबते. उधारीचा वाणी टेबलापासून दहा पावलांवर वही घेऊन उभाच आहे. मुकादमालाही चहापाणी हवंय.

म्हातारी पुन्हा एकदा मोजते. ओठ हलतात, बोटांची पेरं मोजली जातात. मग तुमच्याकडे बघते.

"मागल्या खेपंला वाटा मोठा आलता," ती म्हणते. "पावनं, वाईट वाटून घिऊ नगा, पन सोमवारी दुसरी टोळी बगा."